पावणेदोन गुंठ्यांत सात घरं बसतात: बांधकामाचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

राज्यातल्या शहरांसाठी बांधकामाची नियमावली लिहिणाऱ्या, तिच्यात दुरुस्त्या सुचवणाऱ्या आणि त्यांवर सही करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या वाड्यातलं शेवटचं बिऱ्हाड हललं. बोळात टेम्पो शिरत नाही, म्हणून लोखंडी कपाट, गाद्या आणि धान्याचे डबे हातगाडीवरून नाक्यापर्यंत न्यावे लागले. शिलाई मशीन मात्र काकूंनी हातगाडीवर ठेवू दिलं नाही. दोघांनी ते उचलून नेलं आणि त्या मागोमाग एक हात मशीनवर ठेवून चालत गेल्या. पंचवीस वर्षं त्यांनी वाड्याच्या ओसरीवर बसून पेठेतल्या बायकांचे कपडे शिवले. आता त्या शहरापासून चौदा किलोमीटरवर मुलाच्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या आहेत. तिथे त्यांना गिऱ्हाईक नाही.

मी काढलेल्या नकाशात काकूंचं घर होतं. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, चौकाकडे खिडकी असलेलं. तो नकाशा मंजूर होऊ शकला नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी परवानाधारक अभियंता आहे. एकतीस वर्षं लहान भूखंडांवरच्या घरांचे नकाशे काढतो आहे. माझा जन्म याच वाड्यातल्या एका भाडेकरूच्या दोन खोल्यांत झाला. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या बांधकाम परवानगी विभागातली माणसं माझ्याशी नीट वागली, फाइल अडवून ठेवली नाही, कुणी काही मागितलं नाही. त्यांनी पुस्तकात लिहिलं आहे तेच मला सांगितलं. म्हणून माझी तक्रार त्यांच्याकडे नाही, पुस्तक लिहिणाऱ्यांकडे आहे.

आधी वाडा कसा होता ते सांगतो. दगडी जोतं, त्यावर भाजक्या विटा, सागवानी खांब आणि तुळया. भूखंड रस्त्यावर सात मीटर रुंद आणि आत सव्वीस मीटर खोल. म्हणजे १८२ चौरस मीटर, पावणेदोन गुंठ्यांहून थोडा जास्त. मालकाचं एक आणि भाडेकरूंची सहा अशी सात बिऱ्हाडं, आणि पुढे रस्त्याला लागून एक किराणा दुकान. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पुढे १९९९च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मुळात जे भाडं दोन आकडी होतं त्यावर चार टक्के म्हणजे काय? मालकाला डागडुजी परवडली नाही, भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडलं नाही. दर मे महिन्यात दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटायची आणि दर पावसाळ्यात आम्ही जिन्याखाली आणखी एक बल्ली लावायचो.

शेवटी तीन वर्षांपूर्वी मालक आणि सहाही भाडेकरू एका सतरंजीवर बसले आणि ठरलं की बिल्डरकडे जायचं नाही, आपणच बांधायचं. मालक आणि भाडेकरू एकाच कागदावर सह्या करतात हे मी माझ्या उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिलं आहे, त्यातलं हे एक. दोघांनीही थोडं थोडं सोडलं होतं. मालकाने दुकान आणि एक घर घेतलं, भाडेकरूंनी आपापल्या घराच्या बांधकामाचा खर्च उचलायचं कबूल केलं. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि सांगतो, एकतीस वर्षांत कुठलाही नकाशा मी इतक्या जीव ओतून काढलेला नाही.

नकाशा असा होता. पुढे रस्त्याकडून दीड मीटर सोडायचं. मग साडेनऊ मीटरची पुढची बाजू, मधे साडेतीन मीटरचा चौक, मग नऊ मीटरची मागची बाजू, आणि शेवटी परसाचे अडीच मीटर मोकळे. चौकाच्या एका अंगाला जिना आणि त्याला लागून लिफ्टसाठी राखून ठेवलेली जागा. लिफ्ट आज परवडली नाही तरी खड्डा आणि पोकळी आजच ठेवायची, म्हणजे दहा वर्षांनी स्लॅब फोडावा लागत नाही. तळमजला आणि वर तीन मजले. वरच्या प्रत्येक मजल्यावर दोन घरं, भिंती वजा जाता पुढचं साधारण सहाशे चौरस फुटांचं, मागचं साडेपाचशेचं. तळमजल्यावर पुढे दुकान आणि दुचाक्या, मागे एक घर, ज्याला पायरी चढावी लागणार नाही असं. ते काकूंचं. सात घरं आणि एक दुकान. जितकी बिऱ्हाडं होती तितकीच.

प्रत्येक घराला समोरासमोर दोन बाजूंनी हवा येते: एका बाजूने रस्ता किंवा परस, दुसऱ्या बाजूने चौक. स्वयंपाकघरं आणि मोऱ्या चौकाच्या बाजूला एकावर एक ठेवल्या, म्हणजे पाण्याचा आणि मैल्याचा एकेक उभा पाइप पुरतो आणि गळती झाली तर कुठून ते लगेच कळतं. कॉलमची अंतरं सगळीकडे सारखी, त्यामुळे काँक्रीट ओतायचा फर्मा तोच तोच वापरता येतो. लहान इमारत स्वस्त होते ती अशा गोष्टींनी. फरशी हलकी लावून किंवा सळई कमी घालून होत नाही.

खर्चाचा हिशेब. जिना धरून साधारण सहा हजार चौरस फूट बांधकाम. माझ्या हातून अलीकडे झालेल्या साध्या आरसीसी कामांचा दर चौरस फुटाला २,३०० रुपये धरला तर १ कोटी ३८ लाख. आठ भागांनी भागलं तर एकेकाला सव्वासतरा लाख. जमीन घरचीच. बँकेतला शिपाई, शाळेतली मावशी, रिक्षाचालक यांना पेठेत, शाळा आणि दवाखान्यापासून चालत अंतरावर, सव्वासतरा लाखांत साडेपाचशे फुटांचं पक्कं घर. हे मी आकडे जुळवण्यासाठी लिहीत नाही, ही सात कुटुंबांची खरी यादी होती आणि चौघांनी कर्जासाठी पगाराच्या चिठ्ठ्यासुद्धा गोळा केल्या होत्या.

आता हा नकाशा कुठे कुठे अडला ते सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण साइड मार्जिनची, म्हणजे इमारतीच्या बाजूंना सोडायच्या मोकळ्या जागेची. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि काही भाग वगळता सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली, यूडीसीपीआर. एक राज्य, एक पुस्तक, ही गोष्ट मला स्वतःला पटली होती. आधी प्रत्येक गावाचं वेगळं पुस्तक सांभाळताना आमची दमछाक व्हायची. पण जुन्या पेठांमध्ये भिंतीला भिंत लागून घरं असतात. तिथे उंची थोडी वाढली की दोन्ही बाजूंनी एक-एक मीटर सोडा, ही अट आली. पुण्यातल्या वाड्यांच्या पुनर्विकासाची चर्चा गेली काही वर्षं याच एका मीटरभोवती फिरते आहे. आमच्या फाइलवरही तोच शेरा आला.

कागदावर एक मीटर फार लहान दिसतो. सात मीटरच्या भूखंडावर दोन्हीकडून मिळून तो दोन मीटर होतो. सव्वीस मीटर लांबीला दोन मीटर, म्हणजे ५२ चौरस मीटर गेले. माझा संपूर्ण चौक आणि परस मिळून ४२ चौरस मीटर होतात. म्हणजे चौक आणि परसात मी जितकं मोकळं सोडत होतो त्याहून जास्त सोडायचं, आणि ते अशा ठिकाणी की ज्याचा उपयोग कुणालाच नाही. चार मजली दोन भिंतींमधली एक मीटरची फट तुम्ही कधी खालून पाहिली आहे का? मी रोज पाहतो. तिथे ऊन पोहोचत नाही, झाडू पोहोचत नाही. कबुतरं, एसीचे डबे, फुटलेले पाइप आणि वरून पडलेले कपडे असतात. त्या फटीकडे खिडकी उघडून खोलीत उजेड येत नाही, त्यामुळे मधला चौक तरीही सोडावाच लागतो. मग सात मीटरची इमारत पाच मीटरची होते आणि दर मजल्यावर १२९ चौरस मीटरऐवजी ९२ उरतात.

मार्जिनची अट आली कशासाठी, हे मला माहीत आहे, आणि त्या कारणाचा मी आदर करतो. १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, कारण चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं मरत होती. त्यांनी खिडकीसमोर साडेत्रेसष्ट अंशांची उजेडाची तिरपी रेषा मोकळी असलीच पाहिजे असा नियम केला. त्यात मोजलं काय जात होतं? उजेड. खोलीत किती येतो तो. दादर-माटुंग्याच्या त्या काळात आखलेल्या वसाहती, तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या, आजही मुंबईत राहायला सगळ्यात सुखाच्या जागांपैकी आहेत. आपण मधल्या काळात उजेड मोजायचं सोडलं आणि भिंतीपासूनचं अंतर मोजायला लागलो. रुंद भूखंडावर दोन्हींचा अर्थ एकच निघतो. सात मीटरच्या भूखंडावर निघत नाही. तिथे चौक हेच उत्तर आहे, आणि ते या मातीतल्या माणसांना तीनशे वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

कुणी म्हणेल, भूकंपात शेजारच्या दोन इमारती एकमेकींवर आदळतील. बरोबर, म्हणून दोन इमारतींमध्ये फट ठेवावीच लागते. पण चार मजल्यांना ती फट सेंटिमीटरमध्ये मोजायची असते, मीटरमध्ये नाही. शेजारच्या जुन्या जोत्याला धक्का न लावता पाया कसा घ्यायचा, याचंही उत्तर आहे: कॉलमचा पाया आत घेऊन स्ट्रॅप बीमने, म्हणजे दोन पाये जोडणाऱ्या तुळईने, बांधायचा. अशी कामं आम्ही करत आलो आहोत.

दुसरी अडचण पार्किंगची. चारचाकी उभी करायला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, आणि तिला आत वळायला तितकीच वेगळी. काकूंच्या घरातली झोपायची खोली यापेक्षा लहान होती. सात मीटर रुंदीत गाड्या घ्यायच्या तर तळमजला पूर्ण खांबांवर उचलावा लागतो. मग दुकान गेलं, तळमजल्यावरचं घर गेलं, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आजच बसवणं भाग पडलं. सात कुटुंबांत मिळून दुचाक्या नऊ होत्या आणि चारचाकी एकही नव्हती. शिवाय आमच्या बोळात चारचाकी शिरते ती उलटी बाहेर येते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी अभियंता म्हणून मला मनापासून खटकते. तळमजला मोकळा आणि वर भिंती भरलेल्या, ही रचना भूकंपात सगळ्यात आधी बसते. २६ जानेवारी २००१ला भूजच्या भूकंपात तिथून कित्येक किलोमीटर दूर अहमदाबादमध्ये इमारती कोसळल्या, त्यांत खांबांवर उचललेल्या, खाली पार्किंग असलेल्या इमारती होत्या. योग्य डिझाइन करून हा धोका कमी करता येतो, मान्य. पण त्यासाठी खर्च वाढतो. नसलेल्या गाडीसाठी जागा सोडायची, आणि ती जागा सुरक्षित करायला पुन्हा पैसे घालायचे, हे सव्वासतरा लाखांच्या घराला झेपत नाही.

पुण्यात सप्टेंबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली आणि कसबा पेठ, मंडई ही स्टेशनं जुन्या वस्तीच्या पोटात आली. हजारो कोटी घालून आपण पेठेच्या खाली गाडी आणली. त्याच पेठेत वर घर बांधताना चारचाकीची जागा सोडायची सक्ती का असावी?

साइड मार्जिन आणि पार्किंग एकत्र केल्यावर माझ्या नकाशाचं काय झालं ते पाहा. चार मजल्यांवर मिळून ५१८ चौरस मीटर होतं, ते २७७ राहिलं. जवळपास निम्मं. सातांची सहा घरं झाली, तीही चारशे-सव्वाचारशे फुटांची, आणि दुकान नाही. सातव्या कुटुंबाने कुठे जायचं, हा प्रश्न त्या सतरंजीवर पुन्हा आला आणि तिथेच सगळं फिसकटलं. तीन वर्षं जुळवलेली मनं एका संध्याकाळी तुटली. कुणी कुणाला दोष द्यावा? मालकाला स्वतःचं घर सोडवेना, भाडेकरूंना दुसऱ्याला बाहेर काढवेना.

मग काही मजले वाढवा, असं मला सुचवलं गेलं. वाढवता येतात. प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, भरा, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घ्या, अ‍ॅन्सिलरी एफएसआयचे, म्हणजे जिने-बाल्कनीसारख्या भागांसाठीच्या पूरक चटईक्षेत्राचे, पैसे भरा. हे सगळं बांधकामाची पहिली वीट लागायच्या आधी. बिल्डरकडे त्यासाठी भांडवल असतं आणि तो ते विक्रीच्या फ्लॅटमधून वसूल करतो. आमच्याकडे विक्रीचा फ्लॅट नव्हताच. जी घरं होती ती त्याच माणसांची होती. ज्यातून कुणी नफा कमावणार नाही, त्या बांधकामावर नफ्याच्या हिशेबाने आकारणी होते.

कर्जाचंही तसंच. मे २०२५मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, ‘माझे घर, माझे अधिकार’. त्याआधीचं धोरण २००७चं होतं. २०३०पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे आणि स्वयंपुनर्विकासाला, म्हणजे रहिवाशांनी बिल्डरशिवाय स्वतःच पुन्हा बांधण्याला, मदत करायचं म्हटलं आहे. मी ते दोन बैठकींत वाचून काढलं, पेन्सिलीने खुणा करत. आनंद झाला होता. पण स्वयंपुनर्विकास म्हटलं की डोळ्यांसमोर नोंदणीकृत हाउसिंग सोसायटी असते. मालक आणि सहा भाडेकरू यांची सोसायटी नसते. ज्या बँकेत गेलो तिने सोसायटीचा ठराव मागितला. आमच्याकडे सात सह्यांचा कागद होता.

शेवटचा सल्ला मिळाला तो असा: शेजारचे दोन-तीन वाडे एकत्र करा, भूखंड मोठा करा, मग सगळं सोपं होईल. सल्ला चुकीचा नाही. मोठ्या भूखंडाला नियम खरोखरच सोपे पडतात. पण एका वाड्यातली सात कुटुंबं एकत्र यायला तीन वर्षं लागली होती. शेजारच्या वाड्याचे मालक चार भाऊ, त्यांतले दोघे परदेशात, आणि कोर्टात वाटणीचा दावा. पलीकडच्या वाड्याचं प्रॉपर्टी कार्ड अजून आजोबांच्या नावावर. हे वाडे एकत्र करणं फक्त एकाच माणसाला जमतं, ज्याच्याकडे वीस वर्षं थांबायला पैसा आहे त्याला. तो जे बांधतो त्यात आमच्यासारख्यांचं घर नसतं.

आणि जी माणसं इथे मावत नाहीत ती जातात कुठे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शहराच्या कडेला शेतात चुन्याच्या रेघा मारून गुंठा-गुंठ्याचे तुकडे पाडलेले असतात. १,०८९ चौरस फूट, खरेदीखताऐवजी नोटरी, रस्ता म्हणजे मुरूम. तिथे एकमेकांना चिकटून, बिननकाशाची, दोन्ही बाजूंना मार्जिन न सोडलेली घरं उभी राहतात. मग २००१चा गुंठेवारीचा कायदा येतो, मग २०२१मध्ये त्याची मुदत २०२०च्या अखेरपर्यंत वाढते, आणि ती घरं दंड घेऊन नियमित होतात. मी त्या माणसांच्या विरोधात नाही, त्यांतल्या पुष्कळांचे नियमितीकरणाचे नकाशे मीच केले आहेत. पण विचार करा. जे आधी विचारायला येतात त्यांना नाही म्हणायचं, आणि जे न विचारता बांधतात त्यांना नंतर हो म्हणायचं. यातून एकतीस वर्षांत मी लोकांना एकच गोष्ट शिकताना पाहिलं आहे.

लहान भूखंडाला वेगळं मानणं ही काही नवी कल्पना नाही. घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या २०१६च्या रेरा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत घरं असलेल्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. कायद्याने ओळखलं की आठ घरांची इमारत आणि आठशे घरांची वसाहत या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. आपल्या नियमावलीतही लहान भूखंडांना लवकर परवानगी द्यायची जोखीमआधारित पद्धत आहे. पण परवानगी लवकर मिळून उपयोग काय, जर मिळणाऱ्या परवानगीत घरच बसत नसेल?

आणि याच राज्यात, सरकारी संस्थेनेच, हे करून दाखवलं आहे. १९८०च्या दशकात बेलापूरला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी जी वसाहत आखली तिथे ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड होते. पावणेदोन गुंठे राहू द्या, अर्धा-पाऊण गुंठा! लहान सामाईक अंगणाभोवती घरांचे पुंजके, आणि प्रत्येकाला पुढे ऐपतीप्रमाणे वाढवता येईल अशी रचना. लोकांनी ती वाढवलीही, काहींनी इतकी की मूळ घर ओळखू येत नाही. मी विद्यार्थी असताना तिथे जाऊन वहीत मापं उतरवून आणली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. पानशेतच्या पुरानंतर, १२ जुलै १९६१नंतर, पुण्यात हजारो बेघर कुटुंबांसाठी लहान भूखंड, लहान सोसायट्या, साधी बैठी आणि मजली घरं उभी राहिली. सहकारनगर, लोकमान्यनगर ही नावं त्या पुनर्वसनाशी जोडलेली आहेत. तेव्हाचं सरकार आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हतं.

मोठ्या योजनांत वीस टक्के लहान घरं बांधायची अट आहे, ती ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना. चांगली अट आहे, ती राहावी. पण एक एकराचा मोकळा तुकडा पेठेत, गावठाणात, जुन्या गल्लीत कुठून मिळणार? तो मिळतो शहराच्या कडेला. म्हणजे लहान घर हवं असेल तर कडेला जा, असाच त्याचा अर्थ होतो. शहराच्या आत लहान घरं यायची असतील तर ती लहान भूखंडांवरच येतील.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दाट वस्तीतल्या २५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी नियमावलीत स्वतंत्र प्रकरण लिहा. त्यात भिंतीला भिंत लावून बांधायला परवानगी असावी, आणि त्याच्या बदल्यात किमान साडेतीन मीटरचा चौक आणि मागे परस सोडणं सक्तीचं असावं. अंतराऐवजी खोलीत येणारा उजेड आणि वारा तपासा. भूकंपाची फट, पायाची पद्धत, पक्का न जळणारा जिना आणि गच्चीवरून सुटकेची वाट यांबाबत जराही सवलत देऊ नका. त्या मागणारा मी पहिला असेन.

सहा मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या अशा इमारतींना चारचाकीच्या पार्किंगची सक्ती नको. दुचाकी आणि सायकलींची जागा पुरे. तळमजल्यावर माणसं राहू द्या.

पाच, सहा, सात आणि नऊ मीटर रुंदीच्या भूखंडांसाठी नमुना नकाशे तयार करा, स्ट्रक्चरल डिझाइनसकट, तपासून, शिक्का मारून. तालुक्याच्या गावातल्या अभियंत्यालाही ते डाउनलोड करून वापरता यावेत. नमुन्याप्रमाणे बांधणाऱ्याला छाननीत पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत. हे काम सरकारी वास्तुविशारदांनी एकट्याने करू नये. गवंडी, फर्मावाले आणि ज्या घरांत माणसं खरोखर राहतात त्या बायकांना बोलवा. मोरी कुठे हवी हे त्यांना विचारलं असतं तर निम्म्या इमारतींची गळती झाली नसती.

जिथे सगळी मूळ कुटुंबं परत येणार आहेत आणि एकही घर साठ चौरस मीटरपेक्षा मोठं नाही, तिथे प्रीमियम माफ करा. माफ करता येत नसेल तर भोगवटा पत्राच्या, म्हणजे राहायला जायच्या परवानगीच्या, वेळी हप्त्याने घ्या.

मालक आणि भाडेकरूंच्या नोंदणीकृत कराराला स्वयंपुनर्विकासाच्या योजनांसाठी सोसायटीच्या ठरावाइतकाच मान द्या.

या पाच गोष्टींपैकी एकीलाही नवी जमीन लागत नाही, आणि पहिल्या तिन्हींना तिजोरीतून जवळजवळ काही जात नाही.

आमचा वाडा आता रिकामा आहे. मागच्या बाजूची तुळई गेल्या पावसाळ्यात उतरली, यंदा ती भिंत राहील असं मला वाटत नाही. मालकांकडे एका बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला आहे, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. सात सह्यांचा कागद माझ्याकडेच आहे. परवा मी त्या सातही घरी फोन केले. पाच जण अजून तयार आहेत, काकू त्यांत पहिल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की खिडकी चौकाकडेच आहे ना.

नकाशाची प्रत, क्षेत्रफळाचा तक्ता आणि खर्चाचा अंदाज या पत्रासोबत जोडला आहे. तुमच्यापैकी कुणी जागा पाहायला येणार असेल तर मी टेप घेऊन दारात उभा असेन. सकाळी नऊच्या आधी यावं, त्यानंतर बोळात हातगाड्या लागतात आणि मापं घेता येत नाहीत.

आपला,
एक परवानाधारक अभियंता